रिकामा कोनाडा आणि मुलांचे शिक्षण



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातला देव्हारा उतरविला. ज्या कोनाड्यात आजा-पणज्यापासूनचे टाक, तसबिरी आणि नवसाचे नारळ होते, तो कोनाडा मोकळा झाला. बावीस प्रतिज्ञांचा अर्थ समजून ज्याने हे केले त्याने लहान धैर्य दाखविले नाही. पण कोनाडा मोकळा करणे हे एका दिवसाचे काम आहे आणि त्यात काय ठेवायचे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. तेथे तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा बसविली म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्याच प्रतिमेपुढे उद्या नवस बोलला गेला, तर फक्त तसबीर बदलली आणि कोनाडा जुनाच राहिला.

याची खरी कसोटी घरातली मुले घेतात. भाद्रपद आला की तळेगाव, वडगाव, देहूरोड, चाकण या सगळ्या पट्ट्यात गल्लोगल्ली मांडव पडतात. रोषणाई होते, आरत्या होतात, मुलांच्या हातावर मोदक पडतो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा दारात उभा राहून विचारतो, "आपल्या घरी का नाही?" या प्रश्नाला आपल्या घरांतून बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर रागाचे: "आपण बौद्ध आहोत, आपल्याला ते चालत नाही, आत हो!" दुसरे उत्तर पळवाटेचे: "जा शेजारी, पण बाबांना सांगू नकोस." पहिल्या उत्तराने मुलाच्या मनात धम्म म्हणजे मनाईची यादी होते. दुसऱ्या उत्तराने त्याला धम्माच्या नावाखाली खोटे बोलण्याचे शिक्षण मिळते. दोन्ही उत्तरांनी मूल धम्मापासून दूर जाते. ते मोठे झाले की एक तर सगळ्याच गोष्टींची टिंगल करू लागते, नाही तर गुपचूप जुन्या वाटेला लागते.

तिसरे उत्तर आहे. ते तोंडाने द्यावयाचे नसून वर्षभर घरात जगून द्यावयाचे आहे. घराचा स्वतःचा पाठ असावा, घराच्या स्वतःच्या सहली असाव्यात आणि घराचे स्वतःचे सण असावेत. त्याची आखणी कशी करावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

सिगालाच्या सहा दिशा

दीघनिकायात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राची कथा आहे. राजगृहात हा तरुण पहाटे उठून, ओल्या वस्त्राने, सहा दिशांना हात जोडीत असे. का, असे भगवंतांनी विचारले. तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करतो. अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

भगवंतांनी येथे काय केले ते नीट पाहावे. त्यांनी त्याची थट्टा केली नाही, आणि "हे सोड, घरी जा" एवढेच सांगून त्याला रिकाम्या हाताने परतविलेही नाही. त्यांनी सहाही दिशांना नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. प्रत्येकाशी कसे वागावे हे सांगितले आणि तीच दिशांची खरी पूजा ठरविली. चाकणच्या कारखान्यात राबणाऱ्या आमच्या बांधवांनी यातील खालची दिशा मुद्दाम वाचावी. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी, असे तेथे मालकाला सांगितले आहे.

याच उपदेशात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत. मुलाला पापापासून रोखणे, चांगल्या कामाला लावणे, कसब शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि वेळेवर वारसा हाती देणे. यातले पहिले कर्तव्य, रोखण्याचे, आपण तत्परतेने पार पाडतो. "हे करू नको, तिकडे जाऊ नको" हे आपल्या घरात खूप ऐकू येते. दुसरे आणि तिसरे मात्र राहून जाते. रोखलेले मूल कोठे तरी लावावे लागते. नाही लावले, तर ते रोखले तेथेच परत जाते.

रामजी सुभेदारांची खोली

घरातले शिक्षण काय करू शकते याचे उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातील शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील लहानशा खोलीत राहूनही त्यांनी मुलांचा अभ्यास सोडला नाही. पहाटे उठवून ते भीमरावांना अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे आणीत आणि वेळ पडली तर त्यांचा दागिना गहाण ठेवीत. संध्याकाळी सगळे घर एकत्र बसून अभंग व दोहे म्हणे, ग्रंथवाचन होई.

या खोलीतील आणखी एक गोष्ट नव्या बौद्ध घराने ध्यानात ठेवावी. वडील रामायण-महाभारत वाचावयास लावतात ते कशासाठी, असे मुलाने वडिलांना विचारले. वडिलांनी कारण सांगितले, पण मुलाचे समाधान झाले नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदविले आहे. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. घरात प्रश्न विचारण्याची सवय लागली होती, म्हणून ते पुस्तक योग्य हाती पडले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेची एक वाट या चाळीतल्या खोलीतून जाते.

शाळा सोडावयाची नाही

येथे एक खुलासा केला पाहिजे. पुण्यामुंबईकडची काही सुखवस्तू कुटुंबे हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. सकाळी पाठ, दुपारी सहल, ऋतूप्रमाणे सण, असा त्यांचा क्रम असतो. त्यातली सहल आणि ऋतू आपण जरूर घ्यावेत. शाळा सोडणे मात्र घेऊ नये. ज्यांच्या घरी चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांना शाळा ही सोय वाटत असेल. आपल्याला ती लढून मिळाली आहे. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना काय सोसावे लागले ते आपण जाणतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्या काळात त्याला वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तोच दिवस महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून ठरविला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क एक दिवसही वाया जाऊ देऊ नये. घरचा पाठ हा शाळेच्या जागी नाही, शाळेच्या जोडीला आहे.

"आम्ही शिकलेले नाही, आम्ही काय शिकविणार?" असे पुष्कळ आईबाप म्हणतात. मी अशाच घरातली आहे. पदवी घेणारी घरातली पहिलीच. माझ्या आईवडिलांना अक्षर येत नव्हते, पण रात्री पुस्तक उघडल्यावर समोर बसून "आज काय वाचलेस ते सांग" असे विचारता येत होते. शिक्षकाचे अर्धे काम एवढेच असते.

पाण्याचे भांडे

घरचा पाठ कसा असावा याचा नमुना भगवंतांनी स्वतः घालून दिला आहे. मज्झिमनिकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा लहान होता. भगवंत आले, राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुऊन भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेविले आणि ते दाखवून म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य एवढेसेच. मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तोच अर्थ समजाविला. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असे सांगितले. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याकडे पाहावे. यात कोणाला दुःख तर होत नाही ना, हे तपासावे.

या पाठाला फळा लागला नाही, पुस्तक लागले नाही. घरातले भांडे पुरले. सम्राट अशोकाने भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात उपदेश बैराटजवळच्या शिलालेखात निवडले आहेत, त्यांत राहुलाला खोटेपणाविषयी केलेला उपदेश आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. पतपेढीचा माणूस हप्त्यासाठी दारात येतो आणि आपण मुलाला सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." त्या संध्याकाळी तेच मूल आपल्याबरोबर पंचशील म्हणते. चौथे शील त्याने कोठून शिकावयाचे? दोन्ही पाठांत जो पाठ कृतीने दिला, तोच मुलाच्या मनात राहतो. पगाराच्या दिवशी बाप पिऊन आला, तर पाचव्या शीलाचा अर्थ सांगण्यास घरात कोणी शिक्षक उरत नाही.

आठवड्याचा पाठ

कारखान्यातली पाळी बदलते आणि साप्ताहिक सुटी प्रत्येकाची रविवारीच असते असे नाही. म्हणून वार न ठरविता "घरातल्या कमावत्या माणसाची सुटी" हा पाठाचा दिवस ठरवावा. वेळ एक तास. त्याहून अधिक नको, मुले कंटाळतात. त्या तासात टीव्ही व मोबाईल बंद.

प्रथम त्रिसरण-पंचशील म्हणावे आणि दर आठवड्याला एकाच शीलाचा मराठी अर्थ घरातल्या उदाहरणासह बोलावा. कंपनीतून खिशात आलेला नट-बोल्ट दुसऱ्या शीलात बसतो की नाही, हे मुलांसमोर बोलण्यास लाजू नये. नंतर मुलाने 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे एक पान मोठ्याने वाचावे. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि तो मराठीत उपलब्ध आहे. न समजलेले शब्द मुलाने वहीत लिहावेत आणि ते शाळेतल्या बाईंना किंवा विहारातल्या धम्मबांधवांना विचारावेत.

त्यानंतर दहा मिनिटे घरातल्या वडीलधाऱ्यांची. आजीने पाणी कोठून भरले, आजोबांना हॉटेलात कप वेगळा होता काय, गाव का सोडले, दीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात प्रथम आले, हे नातवंडाने विचारावे आणि लिहून घ्यावे. आजी निरक्षर असेल, पण तिच्याजवळ जे आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तिच्याबरोबर ते नाहीसे होण्याआधी वहीत आले पाहिजे. शेवटी त्या आठवड्यात करावयाचे एक काम ठरवावे: शेजारच्या आजारी माणसाची विचारपूस, अभ्यासात मागे पडलेल्या मित्राला मदत, असे काहीही.

सहली: आपल्या मावळातली पुस्तके

तळेगावकर कुटुंबासारखे भाग्यवान कोणी नाही असे मला वाटते. कारण धम्माची दोन हजार वर्षांपूर्वीची पाने लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर दगडात कोरलेली आहेत.

पहिली सहल शेलारवाडीच्या, म्हणजे आपण ज्याला घोराडेश्वर म्हणतो त्या डोंगराची. घोरावाडी किंवा बेगडेवाडी स्टेशनावर उतरावे. डोंगरावर बौद्ध लेणी आहेत आणि तेथे एक ब्राह्मी लेख आहे. त्यात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचा उल्लेख आहे. त्याची पत्नी सिअगुतनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याची नोंद त्यात आहे. राजा नव्हे, राणी नव्हे, शेतकऱ्याची बायको आणि तिचा मुलगा! मुलांना येथे बसवून विचारावे: दान देताना आईने मुलाचे नाव का घातले असेल? उत्तर त्यांना सापडते. धम्म त्या घरात आईकडून मुलाकडे जात होता. आज तेथील लेण्यात शंकराची पूजा चालते आणि महाशिवरात्रीस जत्रा भरते. त्यावरून कोणाशी वाद घालू नये. लेख काय सांगतो ते मुलाला कळले, की आपले काम झाले.

दुसरी सहल कार्ल्याची. मळवली स्टेशनावरून सकाळी लवकर निघावे. येथले चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. लहान मुलांना खांब मोजावयास लावावेत: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे साधे अष्टकोनी सात. मग छतातल्या लाकडी कमानी दाखवाव्यात. मोठ्या मुलांना लेखांचा अर्थ सांगावा. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दरवाजाचे दान दिले. वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने दरवाजाचे काम केले, त्याचेही नाव तेथे कोरले आहे. काही खांब यवनांनी, म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांनी दिले. व्यापारी, गंधी, सुतार, परका, सर्वांची नावे एका छताखाली! ज्या समाजात कारागिराच्या नावाला किंमत नव्हती असे आपण ऐकतो, त्याच भूमीत धम्माने सुताराचे नाव दगडावर ठेविले.

येथला आणखी एक लेख आपल्या सणांशी जोडलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. वलूरक म्हणजे हेच कार्ले. नहपानाचा पराभव करणाऱ्या सातवाहनांनीही संघाचे हे दान चालू ठेविले. त्यांची आज्ञा 'मामाल' येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपला मावळ. दोन राजघराणी एकमेकांशी लढली, पण वर्षावासाला हात लावला नाही.

तिसरी सहल भाज्याची, तीही मळवलीवरूनच. तेथे लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे आणि काहींवर स्थविरांची नावे आहेत. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांतही अरण्यात राहणाऱ्या गोभूती या स्थविराचा स्तूप त्याच्या शिष्याने करविल्याचा लेख आहे. येथे मुलांना सांगावे की स्तूप म्हणजे देव नव्हे, नवसाची जागा नव्हे. शिष्याने शिक्षकाची ठेवलेली ती आठवण आहे. सिगालाची दक्षिण दिशा ती हीच.

चौथी सहल देहूरोडची. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथील विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्याच तारखेला, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. सत्तावीस वर्षांच्या अंतरातल्या या दोन घटना एकत्र सांगाव्यात: एका दिवशी जाळले आणि एका दिवशी प्रतिष्ठापिले. कोनाडा रिकामा करणे आणि भरणे यांचा याहून स्पष्ट पाठ नाही. तळेगावातच बाबासाहेबांचा बंगला स्मारक म्हणून जपलेला आहे. तेथे तर पायी जाता येते.

सहलीचे नियम राहुलाच्या आरशाप्रमाणे तीन. जाण्यापूर्वी काय पाहणार ते घरी वाचावे. पाहताना दगडावर खडूने नाव लिहू नये, कचरा टाकू नये, कोरीव कामाला हात लावू नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून धबधब्याच्या व कुंडाच्या नादाला लागू नये. परत आल्यावर मुलाने वहीत पानभर लिहावे किंवा चित्र काढावे. डबा घरून न्यावा. चार माणसांचा खर्च लोकलच्या तिकिटापलीकडे फारसा जाऊ नये.

वर्षाचे सण

आता भाद्रपदातल्या प्रश्नाकडे येऊ. आपले वर्ष रिकामे नाही. वैशाखी पौर्णिमेला भगवंतांचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण यांचे स्मरण. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे, विहारात वंदना आणि सुजातेची आठवण म्हणून खीर. मुलांकडून पंचरंगी धम्मध्वज रंगवून घ्यावा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला हेही सांगावे.

आषाढी पौर्णिमेला सारनाथच्या पहिल्या उपदेशाचे स्मरण आणि वर्षावासाचा आरंभ. तेथून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने ग्रंथवाचनाचे. श्रावण आणि भाद्रपद याच काळात येतात. ज्या घरात रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसून दोन पाने वाचतात, शनिवारी शेजारच्या दोन घरांना वाचनास बोलावितात, मुलांकडून गोष्टी सांगवून घेतात आणि शेवटी काही गोडधोड करतात, त्या घरातल्या मुलाला मांडवातली रोषणाई दिसेल. पण आपले घर अंधारात आहे असे त्याला वाटणार नाही. तो सांगू शकेल, "आमचा वर्षावास चालू आहे. कार्ल्याच्या लेण्यात तो लिहिलेला आहे."

अशोक विजयादशमी व १४ ऑक्टोबर हे दीक्षेचे दिवस. त्या दिवशी बावीस प्रतिज्ञा नुसत्या म्हणू नयेत. प्रत्येक माणसाने एक प्रतिज्ञा निवडून तिचा अर्थ सांगावा. नवे कपडे याच दिवशी घ्यावेत. मुलाच्या मनात नवा सदरा आणि धम्म यांची गाठ पडली पाहिजे. ७ नोव्हेंबरला मुलांच्या वह्यापुस्तकांची पाहणी. २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन. ६ डिसेंबर शांतपणे पाळावा. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. तळेगावहून चाकण-शिक्रापूर रस्त्याने तेथे जाता येते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले होते. ३ जानेवारीला सावित्रीबाई. त्या दिवशी घरातल्या मुलीने पाठ घ्यावा आणि बापाने व भावांनी खाली बसून ऐकावे. ७ फेब्रुवारीला माता रमाई. २० मार्चला चवदार तळे, त्या दिवशी आजीची पाण्याची गोष्ट वहीतून वाचावी. ११ एप्रिलला जोतीराव आणि १४ एप्रिलला बाबासाहेब.

जयंतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कर्ज काढून वर्गणी, छाती फोडणारा आवाज आणि रात्री दारू, ही जयंती मुले पाहतात आणि त्यातूनही शिकतात. जन्मभर पुस्तकांसाठी जगलेल्या माणसाच्या जयंतीला प्रत्येक घरात निदान एक नवे पुस्तक यावे. वर्षाला एक म्हटले तरी मूल दहावीला जाईपर्यंत कोनाड्यात दहा पुस्तके होतात. रिकाम्या कोनाड्यात काय ठेवावे, याचे एक उत्तर हेच आहे.

शेजारी आणि नातेवाईक

नव्या बौद्ध कुटुंबाची निम्मी नाती अजून जुन्या धर्मात असतात. मामाकडे जागरण-गोंधळ असतो, शेजारी सत्यनारायण असतो. मुलाला तुसडेपणा शिकवू नये. मैत्री ही धम्माची पायरी आहे. मित्राच्या घरी पाहुणा म्हणून जावे, बोलावे, हसावे. पूजेत भाग मात्र घेऊ नये, आणि का घेत नाही हे विचारल्यास नम्रपणे व न घाबरता सांगावे. वैशाखी पौर्णिमेला त्याच मित्राला खिरीसाठी आपल्या घरी बोलवावे. ज्या मुलाजवळ सांगण्यासारखे आणि वाढण्यासारखे काही आहे, त्याला दुसऱ्याचा सण पाहून कमीपणा वाटत नाही आणि द्वेषही वाटत नाही. ज्याचे हात रिकामे ठेविले गेले, त्याच्याच मनात या दोन्ही गोष्टी शिरतात.

शेलारवाडीच्या डोंगरावरच्या त्या आईने आपल्या मुलाचे नाव आपल्या दानाबरोबर दगडात घातले. आपल्याजवळ डोंगर कोरण्याइतके धन नाही. आठवड्याचा एक तास, एक वही, लोकलची चार तिकिटे आणि पावसाळ्यातल्या नव्वद संध्याकाळी आपल्याजवळ आहेत. तेवढ्यावर आरंभ करावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. भगवंतांनी सिगालाच्या दिशा बंद न करता त्यांना नवा अर्थ का दिला? आपल्या घरातील कोणत्या जुन्या चालीला असा नवा अर्थ देता येईल आणि कोणती चाल पूर्ण सोडावी लागेल?
२. राहुलाला दिलेला पाण्याच्या भांड्याचा पाठ घरातले भांडे घेऊन मुलाने करून दाखवावा.
३. कार्ल्याच्या लेखांत कोणकोणत्या धंद्यांच्या लोकांची नावे आहेत? त्यावरून धम्मातल्या समतेविषयी काय कळते?
४. आपल्या घराच्या दीक्षेची हकीकत, वर्ष व ठिकाण यांसह, वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावी.
५. येत्या वर्षावासात रोज किती पाने वाचावयाची आणि कोणी वाचावयाची, हे सर्वांनी बसून ठरवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!